अर्धी दाढी आन् डावा डोळा

आमचं मूळ गाव औशापासून आत, खडकाळ रस्ता, एसटी आली तर आली न्हाई तर न्हाई, आसं गाव. बापाचं काम केस कापायचं, आज्याचं बी तेच. धोकटी म्हंजे आमच्या हत्याराची पिशवी, तिच्यात वस्तरा, कात्री, फणी, वाटी, ती काखेत मारायची आन् घरोघर जायचं, कोनाच्या ओट्यावर बसून करायचं, कोनाच्या लिंबाखाली, आन् सुगीला त्याचं धान्य घ्यायचं. माझा बाप लई हलक्या हाताचा. तान्ह्या लेकराचं जावळ काढायला लोक त्यालाच बोलवायचे, लेकरू रडायचं न्हाई म्हनायचे.

त्या बापाचे डोळे गेले. एकदम न्हाई, हळूहळू. तवा सगळा गाव म्हनला, मोती हाय, म्हंजे मोतीबिंदू, पिकू द्या, पिकल्यावर काढू. आता बगा ना, गावातला मानूस सगळं पिकल्यावरच काढतो, ज्वारी, चिंच, सीताफळ, मंग डोळ्यातला मोती बी पिकल्यावरच काढायचा की, आन् सांगनारे सगळे शेतकरीच, मंग दुसरं काय सांगतील. आमी वाट बघत बसलो. बाप दारात बसायचा, कोनी आलं की डोक्यावर हात फिरवायचा आन् म्हनायचा, हा रे, तू न्हानूचा पोरगा, तुझ्या टाळूला भवरा हाय. हातानं वळखायचा. आमी हसायचो. शेवटी लातूरला नेलं तवा डॉक्टर म्हनले, हा मोती न्हाईच, काचबिंदू हाय, डोळ्यात दाब वाढून आतली नस सुकली, आता इलाज न्हाई. ते आमी ऐकलं, पन गावात येऊन काय सांगितलं? तर उशीर झाला, जास्तीच पिकला. आमच्या डोस्क्यात तेच बसलं ना. काचबिंदू का काय ते, आपल्याला काय मालूम. मी बी लोकाला हमेशा हेच सांगायचो, बापाला टायमावर न्हेलं न्हाई, मोती जास्ती पिकला.

आसो. मंग मी औशात आलो, स्टँडजवळ दुकान टाकलं, एक खुर्ची, एक आरसा, एक बाकडा. लगीन झालं, गोविंदा झाला, धंदा बरा चालूलालता. स्टँडवरचे ड्रायव्हर, कंडक्टर, बाजाराला आलेले लोक, सगळे मामा म्हनायचे, दिगूमामा. माझं नाव दिगंबर, पन दिगंबर कोनी म्हनलं की मला वाटतं ह्यानं काही तरी सरकारी काम काढलं.

चाळिशी लागली तशी जवळची नजर कमी आली. मिशीची कड दिसंना, कानातला केस दिसंना. आमच्या धंद्यात काय हाय, लांबचं न दिसलं तर चालतं, स्टँडवर कोनती गाडी लागली ते कोनी बी वरडून सांगतंय, पन हातातलं दिसलं पाह्यजे. मंग मी बाजारातून चष्मा आनला. जिमिनीवर चादर टाकून बसतोय ना मानूस, ढीगभर चष्मे, आपन एक एक घालायचा आन् आपल्याच तळहाताच्या रेषा बघायच्या, रेषा दिसल्या की तो आपला. माझ्या संगं एक म्हातारी बसली हुती, ती गव्हाचा दाना घेऊनच आलती, चष्मा घातला की दान्याची फट बघायची. मला वाटलं ही आपल्यापेक्षा हुशार हाय.

पन चष्मा घालून दाढी कराय लागलो की गिऱ्हाइकं बिचकायची. एक कंडक्टर तर खुर्चीतून उठलाच, म्हनला मामा, चष्मा लागला व्हय, मंग थांबा, मी आधी विमा काढून येतो. सगळे हसले, मी बी हसलो. पन दुसऱ्या दिवसापासून चष्मा गल्ल्यात ठेवला. काय करनार, गळा देनाऱ्या मानसाला तसल्ली पाह्यजे का न्हाई. दाढी मी हातानंच करायचो. डाव्या हाताच्या बोटानं कातडी ताणली की बोटाला कळतं केस कुठं हाय. त्याला डोळ्याचं काम न्हाई, आसं मला वाटायचं.

मंग दुसरंच सुरू झालं. बाकड्यावर बसलेल्या मानसाच्या पायावर पाय पडायचा. गरम पान्याची वाटी डाव्या बाजूला ठेवली की हात लागून सांडायची. घरी जेवायला बसलो की आमची मंडळी, शेषाबाई, डाव्या अंगाला तांब्या ठेवायची आन् माझा गुडघा बराबर त्यालाच लागायचा. एक दिवस ती म्हनली, काय वो, माझा राग तांब्यावर काढूलालाव काय? मी म्हनलं चष्म्याचा नंबर बदलला आसंल. गेलो, नवा चष्मा केला. काही दिवसानं पुन्यांदा केला. दुकानात काय करतात, पाटीवरची अक्षरं वाचा म्हनतात, दोन्ही डोळ्यानं वाचली की झालं, काच बसवून देतात. डोळ्याच्या आत कोनी बघितलंच न्हाई, आन् मी बी कुठं म्हनलं बघा. चष्मा केला म्हंजे डोळ्याची काळजी घेतली, आपली तर हीच समज.

आता ते सांगतो. आमच्याकडं एक रिटायर गुरुजी येतात दाढीला. कडक मानूस. खुर्चीत बसले की पेपर मोठ्यानं वाचनार आन् सगळ्या पुढाऱ्याला पट्टी मारल्यासारखं बोलनार. त्या दिवशी मी त्यांची उजवी बाजू केली, डावीकडं आलो, वस्तरा गळ्याला लावला, आन् गुरुजीला कशाचा राग आला की काय, एकदम मान हलवली, तर फेसाचा गोळा उडून माझ्या उजव्या डोळ्यात. मी तो डोळा मिटला.

दुकान गेलं.

काय सांगू तुम्हाला, डावा डोळा सताड उघडा हाय माझा, आन् समोर नुस्तं राखाडी. गुरुजी न्हाई, आरसा न्हाई, एका कोपऱ्यात जरासा उजेड, चिमटीएवढा. हातात वस्तरा हाय, तो गळ्यावर हाय, गळ्याची नस माझ्या बोटाखाली उडूलाली हाय ते कळूलालंय, पन दिसत काहीच न्हाई. मी म्हनलं गुरुजी, हालू नका. ते म्हनले, का रे? मी म्हनलं गुरुजी, तुमच्या पाया पडतो, हालू नका. हात मागं घेतला, वस्तरा खाली ठेवला आन् तिथंच फरशीवर बसलो. इतके दिवस मी एकाच डोळ्यावर दुकान चालवूलालतो आन् मला पत्ताच न्हाई! दोन्ही उघडे आसले की कळतच न्हाई हो, एक डोळा दुसऱ्याचं झाकून घेतो.

गुरुजीनं तोंडावरचा फेस टावेलनं पुसला आन् उठले. मला वाटलं आता शिव्या देतील. तर म्हनले, ऊठ दिगंबर, दुकान बंद कर. मी म्हनलं गुरुजी, तुमची दाढी अर्धीच झाली. ते म्हनले, दाढी पळून जात नाही, डोळा जातोय, ऊठ. आन् तसंच, अर्धा गाल पांढरा अर्धा साफ, मला हाताला धरून लातूरच्या गाडीत घातलं. कंडक्टर तोच विमावाला. तो गुरुजीकडं बघतोय, माझ्याकडं बघतोय, हसावं का न्हाई त्याला कळंना. गुरुजी म्हनले, दोन तिकिटं दे आणि तोंड बंद कर.

डोळ्याच्या दवाखान्यात काय काय केलं. एका मशीनवर हनुवटी ठेवायची, ती डोळ्यावर फूकदिशी हवा मारती, त्याच्यानं दाब कळतो. एका डबड्यात डोस्कं घालायचं आन् लाईट चमकला की बटन दाबायचं. मी उजव्या डोळ्याला बटन दाबलं, दाबलं, मंग डाव्याची पाळी आली तर लाईटच येईना, मी म्हनलं ताई, तुमचं मशीन बंद पडलं. त्या पोरीनं कागदावर काही तरी लिवलं. तवाच मला समजलं.

डॉक्टरीन बाई कवळीच हुती, माझ्या गोविंदाच्या वयाची. ती म्हनली, मामा, काचबिंदू आहे. डाव्याचं गेलं ते परत येणार नाही. उजव्यात सुरुवात आहे, तो सांभाळू. रोज थेंब टाकायचे, जन्मभर, बरं वाटलं तरी बंद करायचे नाहीत. मी म्हनलं म्याडम, लई जाड काचेचा चष्मा केला तर? ती म्हनली, चष्मा उजव्याला कामाला येईल, डाव्याला कुठलाच चष्मा नाही. मंग तिनं विचारलं, घरात कुणाला होतं का? माझ्या तोंडात आलं, बापाला मोती हुता, जास्ती पिकला. आन् ते बोलता बोलताच मला तो जुना डॉक्टर आठवला, काचबिंदू म्हनलेला. हेच नाव. मी म्हनलं म्याडम, मोती नव्हता, काचबिंदूच हुता. ती म्हनली, मामा, हे वडिलांकडून मुलाकडे येतं, आणि दुखत नाही, म्हणून कळत नाही. तुमच्या मुलाला घेऊन या.

खाली चष्म्याचं दुकान हुतं. तिथली पोरगी म्हनली, काका, दोन भागाची काच घ्या, वर लांबचं, खाली जवळचं. गुरुजी मधीच, अगं तो न्हावी आहे, त्याला काय पुस्तक वाचायचंय का. मंग तिनं विचारलं काम कसं करता. म्हनली दाखवा. गुरुजीला स्टुलावर बसवलं, माझ्या हातात फणी दिली आन् टेप घेऊन माझ्या डोळ्यापासून हातापर्यंत मापलं, जसं शिंपी माप घेतो तसं. म्हनली, तुम्हाला पुस्तकाच्या अंतराचा नंबर नको, हाताच्या अंतराचा पाह्यजे, एकच. इतके दिवस बाजारातले चष्मे मी तळहात नाकाजवळ धरून घेतले आन् गिऱ्हाईक तर हातभर लांब, मंग दिसंल कसं? फ्रेम दाखवली तर भारीतली नाकावरून घसरूलालती, मान खाली घातली की खाली. ती म्हनली, मान खाली घालून डोकं हलवून बघा, हलली तर ती आपली नाही. तशी एक हलकी, नाकावर धरून बसनारी काढली. आन् काच न फुटनारी घ्या म्हनली, आता तुमचा एकच डोळा कामाचा आहे, त्याला लागायला नको. लोक येऊन जाऊन गुरुजीच्या अर्ध्या दाढीकडं बघूलालते. गुरुजी ताठ.

चष्मा चार दिवसानं येनार हुता, आन् तपासायचं औषध टाकल्यामुळं त्या दिवशी मला सगळं भुरकट. औशाला उतरलो तर गुरुजी म्हनले, तू घरी जा. आन् उरलेली अर्धी दाढी त्यांनी समोरच्या दुकानात करून घेतली. मी आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून बघूलालतो, दिसत काही नव्हतं, पन त्यांचा पेपर वाचायचा आवाज येऊलालता.

चष्मा आला. चांगला हाय, खोटं कशाला बोलू. केस कापतो, मशीन मारतो, कल्ले बराबर करतो. पन एका डोळ्यानं अंतर कळत न्हाई, पान्याची वाटी हाय त्याच्या अलीकडंच हात जातो. म्हनून गळ्याला वस्तरा लावायचा बंद केला. कोनी सांगितलं न्हाई, मीच केला. दाढीवाले गेले. गुरुजी केस माझ्याकडं कापतात आन् दाढी समोर करतात. त्यांना बी वाईट वाटतं, मला बी.

आता राहिला गोविंदा. तो लातूरला मोठ्या सलूनमधी हाय, काचेचं दार, गार हवा, बायांचे बी केस कापतात. फोन केला तर म्हनायचा, बाबा, मला सगळं दिसतंय, लांबच्या गाडीचा नंबर दिसतो, कशाला दवाखाना. मी म्हनलं मला बी दिसत हुतं बाबा. तो म्हनायचा सुट्टी न्हाई, पुढल्या हप्त्यात. तो हप्ता काही येईना. मी बोलून बोलून बेजार झालो. मंग एक दिवस आमची मंडळी उठली, डोक्यावरून पदर घेतला आन् मला न सांगता लातूरला गेली. सरळ सलूनमधी, सरळ खुर्चीत. मालक म्हनला मावशी, काय करायचं? ही म्हनली, ह्या तुमच्या गोविंदाला डोळे दाखवायला सोडा, न्हाई तर माझे केस कापा, मी उठत न्हाई. सगळ्या नटलेल्या पोरी आरशातून हिच्याकडं बघूलाल्या. गोविंदा लाजंनं लाल. मालकानंच त्याला ढकललं, म्हनला जा बाबा, हिला घेऊन जा.

गोविंदानं फोन केला तसा मी बी लातूरची गाडी धरली आन् दवाखान्याच्या दारात जाऊन थांबलो. तो आत हनुवटी ठेवून बसला, त्याची पाठ दिसूलालती मला. माझ्या बापासारखी पाठ हाय त्याची, खांदे उतरलेले. लई टाइम लागला. डॉक्टरीन बाई बाहेर आली, म्हनली मामा, दाब वाढलेला आहे, पण नस चांगली आहे, अजून काही गेलेलं नाही. थेंब सुरू करू. शेषाबाई भिंतीला टेकून खाली बसली. मला हसू बी येईना, रडू बी येईना. दाब आला त्याला बी, माझ्याकडूनच गेला. पन त्याचं काही गेलं न्हाई अजून.

तुम्ही हे मोबाईलवर फटाफट लिहूलालाव, लिहा, तुमचं भलं व्हावं, पन घरी कोनाला काचबिंदू आसंल तर आतून डोळा बघून घ्या. नुस्त्या चष्म्याच्या दुकानात जाऊ नका.

बाकी काय. जेवन झालं की शेषाबाई मला खाटंवर आडवं पाडती, पापनी धरती, थेंब टाकती, डोळे मिटून गप पडून ऱ्हा म्हनती. तेवढ्यात गोविंदाचा फोन येतो. टाकला का बाबा? टाकला. तू? टाकला. आन् ठेवतो. बाप-लेकात दुसरं काही बोलनं न्हाई आमच्यात, आधी बी नव्हतं. पन एवढं रोज हुतंय.