पिशव्या अजून ओल्या आहेत

अगं, आमच्या शारजाच्या लाँड्रीत एक अरबी म्हातारबाबा येतात. दरवर्षी आफ्रिकेला शिकारीला जायचे आणि मांस ठेवायच्या सुती पिशव्या आमच्याकडे धुवायला आणायचे. त्या पिशव्यांचे लाड फार! रक्ताचे डाग म्हणून आधी गार पाण्यात भिजवायच्या. सुगंधी साबण अजिबात नाही, नाहीतर पुढच्या वेळी मांसाला गुलाबाचा वास. ड्रायर नाही, गच्चीवर उन्हातच वाळवायच्या. तोवर बाबा बाकावर बसून आमचा चहा पिणार आणि शिकारीच्या गोष्टी सांगणार.

यंदा पिशव्या आणल्या, तर गेल्या वर्षी मीच घातलेली घडीसुद्धा मोडली नव्हती.

आमचे हे म्हणाले, "बाबा, ये तो साफ हैं."

"मालूम है. घुटना गया, अब शिकार खलास," बाबा म्हणाले. "फिर भी धो दो."

ह्यांनी धुतल्या, मी गच्चीवर घातल्या. पण इथलं जुलैचं ऊन! बाबांचा पहिला चहा संपायच्या आत पिशव्या पापडासारख्या कडक. खाली घेऊन आले, तर ह्यांनी मला जिन्यातच अडवलं आणि सगळ्या पिशव्या सरळ पुन्हा बादलीत बुडवल्या.

"अहो, हे काय!"

"तू चहा टाक," म्हणाले, आणि बाहेर जाऊन बाबांना सांगितलं, "अभी गीला है, बाबा. बैठो."

जन्म वाळवंटात गेलेला माणूस तो. त्यांनी एकदा बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं, एकदा ह्यांच्याकडे.

मग हळूच रिकामा कप पुढे केला.