दुसरा माळा साफ करण्याबाबत

दि. २३/०८/२०२५, वेळ सायंकाळी ५.४० वाजता

मी, सौ. सीमा हितेंद्र मेस्त्री, वय ५३ वर्षे, धंदा – नोकरी (मिरची गल्लीत मसाल्याच्या दुकानात, गेली बावीस वर्षे), राहणार – खोली नं. ७, पहिला मजला, सातेरी निवास, लालबाग, मुंबई ४०००१२.

समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती हितेंद्र रामू मेस्त्री, वय ५९, यांच्यासह राहते. पती सेवानिवृत्त असून दुपारी घरीच असतात, म्हणजे देहाने असतात.

आमच्या चाळीत प्रत्येक खोलीला स्वयंपाकघरावर सामान ठेवायचा एक माळा आहे. आमच्या खोलीला दोन आहेत. माझे सासरे कै. रामू मेस्त्री हे गिरणीत सुतारखात्यात होते, त्यांनी बाहेरच्या खोलीतही छताखाली एक काढला. अख्ख्या सातेरी निवासात दोन माळे असलेली खोली आमचीच, ही गोष्ट माझे पती ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला सांगतात.

आज दि. २३/०८/२०२५ रोजी, शनिवारी, मी सकाळी ९.३० वाजता कामावर गेले. गणपती चार दिवसांवर असल्याने दुकानात गर्दी होती. दुपारी ३.१० वाजता घरी परत आले असता दार सताड उघडे दिसले. पती आरामखुर्चीत झोपलेले होते. बाहेरच्या खोलीतला माळा, म्हणजे दुसरा माळा, पूर्ण रिकामा व ओल्या फडक्याने पुसलेला होता. माळ्यावरचे सामान खाली भिंतीला लावून ठेवलेले होते व प्रत्येक वस्तूवर गोल रंगीत स्टिकर होता. भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यात लिहिले होते: हिरवा – ठेवा, पिवळा – देऊन टाका, लाल – कचरा. सासऱ्यांच्या रंध्यावर हिरवा होता. माझ्या लग्नातल्या फोटोंच्या अल्बमवर लाल होता. पतींच्या शर्टावर पिवळा होता. तो मी अद्याप काढलेला नाही.

सामान तपासले असता साडीत बांधलेले एक गाठोडे मिळून आले नाही. पतींना हलवून विचारले असता ते म्हणाले, "मुलं आली होती गं. क्लबची. काय गोड मुलं! काका काका करत होती." गाठोडे कुठे, असे विचारले असता ते म्हणाले, "नेलं असेल." पती पूर्ण जागे व्हायला वेळ लागतो. तेवढा वेळ माझ्याकडे नव्हता. मी भिंतीवरचा कागद काढून घेतला, पोलिसात जाते असे पतींना सांगितले व तडक पोलीस ठाण्यात आले. कागदाच्या खाली 'हातभार क्लब' असे नाव, एका शाळेचा शिक्का व फोन नंबर होता. त्यावर हवालदार कदम साहेबांनी फोन केला.

मुले येईपर्यंत कदम साहेबांनी विचारल्यावरून सांगते की, गाठोड्यात एक भांडे होते. कसले, असे विचारल्यावरून सांगते की, पितळी. केवढे, असे विचारल्यावरून सांगते की, एका वेळी एकवीस मोदक उकडतील एवढे. भांड्यावर काही खूण, नाव वगैरे आहे काय, असे विचारल्यावरून मी पाणी मागितले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तेच पुन्हा विचारले. नाव आहे, असे मी सांगितले. तुमचे का, असे विचारल्यावर मी पंख्याचा वेग वाढवण्याची विनंती केली.

दुपारी ४.०५ वाजता क्लबची सात मुले व त्यांचे शिक्षक विनीत सर असे हजर झाले. सरांना घाम आला होता. मुलांपैकी पुढारी उर्वी, इयत्ता नववी, ही समोरच्या टॉवरमध्ये अडतिसाव्या मजल्यावर राहते. तिने मला आंटी म्हटले. मी तिला सांगितले की, आंटी तुझ्या टॉवरच्या लिफ्टमध्ये भेटतात, इथे काकू म्हणायचं. तिने लगेच वहीत लिहून घेतले.

विचारपूस करता असे निष्पन्न झाले की, आमच्या चाळ समितीने क्लबला पत्र दिले होते, "गणपतीपूर्वी दुसरा माळा साफ करून मिळावा." चाळीत माळा म्हणजे मजलाही. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत कबुतरांनी जे करून ठेवले आहे त्याबद्दल ते पत्र होते. परंतु उर्वीच्या घरी मजल्याला फ्लोअर म्हणतात. माळा हा शब्द तिला फक्त तिच्या स्वयंपाकीणबाईंकडून माहीत होता, व त्या बाई माळ्यावर डबे ठेवतात. सबब सात मुले झाडू, बादल्या व स्टिकर घेऊन चाळीत आली व खालच्या वाण्याला विचारती झाली, "अंकल, दुसरा माळा कुठाय?" वाण्याने मान वर न करता अंगठा वर केला. मुले एक जिना चढली. पहिली उघडी खोली आमची.

उर्वीने सांगितल्याप्रमाणे पुढील संभाषण झाले.

"काका, दुसरा माळा कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? इथेच! अख्ख्या चाळीत दुसरा माळा फक्त आमच्याकडे!"

"आम्हाला तो साफ करायचाय."

"करा की! वडिलांनी बांधलाय. एक खिळा हलणार नाही."

याप्रमाणे पतींनी शिडी काढून दिली. मुलांनी गाठोडे सोडले. भांडे काळे पडले होते म्हणून चिंच लावून घासले. चिंच माझ्याच बरणीतली होती. घासल्यावर त्यावर कोरलेली अक्षरे वर आली ती अशी: चि. सौ. कां. नलिनी हिस मावशीकडून, २२-५-१९९१.

उर्वीने पतींना विचारले, "काका, नलिनी कोण?" पती म्हणाले, "पलीकडची. खोली आठ. पण आमचं बोलणं नाही." "का?" "एका भांड्यावरून." हे वाक्य माझ्या पतींनी सदर भांड्याकडे बघत बघत उच्चारले, असे सातही मुलांचे म्हणणे आहे. नंतर त्यांना झोप लागली.

मुलांनी भांड्यावर पिवळा स्टिकर लावला व खोली नं. ८ मध्ये नेऊन दिले. फोटो काढला. त्यात शेजारीण भांडे धरून उभी आहे. तिचा चेहरा मी कदम साहेबांच्या सांगण्यावरून नीट पाहिला. पुन्हा पाहण्याची आवश्यकता वाटली नाही.

"काकू, आम्ही चोरलं नाही," उर्वी म्हणाली. "ज्यांचं नाव होतं त्यांना दिलं." तिचा आवाज बारीक झाला होता. विनीत सरांनी सांगितले की, पोलीस तक्रार झाली तर शाळा क्लब बंद करील. तसेच उर्वीला शाळेसाठी वीस तासांची समाजसेवा पूर्ण करायची असून सतरा झाले आहेत, पत्रक सोमवारी द्यायचे आहे, व आजच्या तीन तासांवर लाभार्थी म्हणून माझी सही लागते. चोरीची तक्रार देणाऱ्या बाईकडे त्याच कामाच्या सहीची मागणी करणारा मनुष्य मी प्रथमच पाहिला.

त्यावर कदम साहेब मला म्हणाले, "ताई, भांडं जिचं तिच्याकडे गेलं. मग चोरी कुठली? आणि ते तुमच्या माळ्यावर काय करत होतं?"

सबब खुलासा करते की, सन २००७ च्या गणपतीत मी शेजारीण नलिनी राऊळ हिचे मोदकपात्र मागून आणले. आमचे तेव्हा येणेजाणे होते. म्हणजे दोन्ही घरांत मिळून एकच कढीपत्ता आणला जात असे. मोदक झाल्यावर मी सासूबाई कै. रखमा मेस्त्री यांना भांडे परत द्यायला सांगितले. त्या "दिलं" म्हणाल्या. आठ दिवसांनी नलिनीने गॅलरीत उभे राहून अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असे म्हटले की, भांडं आलं नाही, जाळी आली नाही, झाकणसुद्धा आलं नाही. मी मंडळाच्या गणपतीकडे हात करून शपथ घेतली की सगळे परत दिले आहे. शपथ घेताना मला ते खरे वाटत होते, याची नोंद घ्यावी.

सन २०११ मध्ये सासूबाई वारल्या. त्यानंतर दुसरा माळा आवरताना सदर भांडे व जाळी मिळून आली. झाकण नव्हते. मी हे कोणालाही सांगितले नाही. पतींनाही नाही. भांडे परत द्यावे म्हणून मी ते एकूण चार वेळा उंबऱ्यापर्यंत नेले. चारही वेळा गॅलरीत कोणी ना कोणी होते. चाळीत गॅलरी कधीच रिकामी नसते. पुढे मी ते साडीत बांधून ठेवले. साडी माझी चांगल्यातली होती.

भांडण झाल्यापासून आमच्याकडे गणपतीला तळणीचे मोदक होतात. कोणी विचारल्यास उकडीच्या मोदकांनी पतींना पित्त होते असे मी सांगते. पतींना पित्त नाही.

येथवर जबाब झाला असता, सायंकाळी ६.१५ वाजता, नलिनी राऊळ, वय ५५, ही पोलीस ठाण्यात आली. तिला माझ्या पतींनी मी कुठे गेले ते सांगितले होते. अठरा वर्षांत मी तिला इतक्या जवळून पाहिले नव्हते, नळावर सोडून. तिच्या हातात मोदकपात्र होते. ते लखलखत होते. मी उठून उभी राहिले. का उठले ते सांगता येत नाही.

ती म्हणाली, "काय गो, माज्या भांड्याची कंप्लेंट घेऊन तू पोलिसात इलंस?"

मी म्हणाले, "मला २०११ ला सापडलं."

तिने मोदकपात्र कदम साहेबांच्या टेबलावर, बंदोबस्ताच्या यादीवर ठेवले. तेव्हा सर्वांच्या लक्षात आले की भांड्यावर झाकण आहे. त्याच घडणीचे, पितळी, व त्याच नावाचे. ते तंतोतंत बसलेले होते.

कदम साहेबांनी विचारले, "झाकण माळ्यावर नव्हतं म्हणालात ना?"

मी म्हणाले, "नव्हतं."

तेव्हा नलू खाली बघत म्हणाली, "झाकण हिच्या सासूनं पंधरा दिवसांनी आणून दिल्यान. तोपर्यंत मी सगळ्या चाळीत बोंब मारलेली. झाकणसुद्धा नाय म्हणून. मग काय करू? देवाऱ्यामागे ठेवलं." झाकणावर बोट फिरवत ती म्हणाली, "मी पण तळणीचेच करतंय."

मी विचारले, "भावोजींना पित्त?"

ती म्हणाली, "तर! लय."

यानंतर आम्हा दोघींना हसू आले व ते काही मिनिटे थांबले नाही. महिला शिपाई प्रिती मॅडम काय झाले ते बघायला आतून आल्या व कारण न कळताच हसू लागल्या. मुलेही हसली. कदम साहेबांनी आम्हाला दोनदा ताकीद दिली, दुसऱ्यांदा ती पूर्ण करता आली नाही. विनीत सर रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. सासूबाईंनी सगळ्याच गोष्टी अर्ध्या केल्या हे मी नलूला सांगितले. ती म्हणाली, "गाळलेला चहापण अर्धोच देय." हे खरे आहे.

तरी माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. गाठोडे चोरीस गेलेले नव्हते. मुलांना कोणताही त्रास देऊ नये. अल्बमवरचा लाल स्टिकर मी माफ केला आहे.

उर्वीच्या पत्रकावर लाभार्थी म्हणून मी सही केली व खाली नलूने केली. 'सेवेचे स्वरूप' या रकान्यात मी 'माळा साफ केला' असे लिहिले. 'एकूण तास' या रकान्यात मी 'अठरा वर्षे' लिहिले असता विनीत सरांनी हरकत घेतली की शाळेच्या संगणकात फक्त तास चालतात. त्यावर कदम साहेबांनी मोबाइलवर गुणाकार करून एक लाख सत्तावन्न हजार सहाशे ऐंशी असा आकडा दिला, तो मी लिहिला आहे. शाळेने खात्री करायची असल्यास साक्षीदार म्हणून मी व नलिनी राऊळ कोणत्याही दिवशी हजर राहू. बुधवार सोडून. बुधवारी आमच्याकडे, म्हणजे दोन्ही घरांचे मिळून, उकडीचे आहेत. मुलांना जेवायला बोलावले आहे. दुसऱ्या मजल्यावरची कबुतरे त्यांनी आधी उरकायची आहेत.

हा जबाब कदम साहेबांनी मोठ्याने वाचला तो मी ऐकला व नलूनेही ऐकला. सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. फक्त "पित्त नाही" हे वाक्य माझ्या पतींना वाचून दाखवू नये. ते अठरा वर्षे गोळी घेत आहेत.

जबाब देणार,
(सही) सीमा हितेंद्र मेस्त्री