पाण्याकाठच्या बंगल्याचं रेलिंग

मी चऱ्होलीचा. चारी बाजूंनी सोसायट्या उठल्या, पन आमी हाय तितंच हाय. आयटीआयला वेल्डिंग शिकलो, चाकणला एका कंपनीत कंत्राटावर सात वर्सं काढली, कंत्राट सपलं तसं घरामागं पत्र्याच्या शेडात सोताचं फॅब्रिकेशन टाकलं. ग्रिल, गेट, जिने, पन खरा हात बसला तो रेलिंगमदी. लोक म्हनायचे, ह्याचा जोड बोट फिरवून पन कळत न्हाई.

तर काय सांगू तुमाला, त्याच कंपनीच्या मालकांनी बोलावलं. मावळात धरणाच्या पान्याला लागून त्यांचा बंगला चालला व्हता. बंगला म्हंजी कसा, भिंती नुसत्या सिमेंटच्या, रंग न्हाई, समोर सगळी काच, आन काचेपुढनं रुंद काळ्या दगडाच्या पायऱ्या थेट पान्यात. आत सामान म्हनाल तर एक लांब बाक. मला वाटलं काम अर्धंच झालंय. आर्किटेक्ट हसला, म्हनला, दादा, झालंय, असंच हवं होतं. मानूस वाईट न्हवता, खोटं कशाला बोलू, माझ्याशेजारी जमिनीवर बसून नकाशा समजावून सांगायचा. मी आतल्या जिन्याचं काम घेतलं व्हतं.

मालकांची आई काम बघायला यायची. ऐंशीच्या घरातली, गुडघे गेलेले, पन बोलनं अगदी आमच्या गावातलं. मला म्हनायची, लेकरा, फ्लॅटमदी वीस वर्सं कोंडून काढली, आता रोज सकाळी हितं पान्यापाशी बसनार बघ. मग एक दिवस हळूच म्हनली, पन धरायला कायतरी कर बाबा, दगड लई गुळगुळीत हाय, उतरताना भ्या वाटतं, पोराला सांगितलं तर तो मला उतरूच द्यायचा न्हाई. मी म्हनलं, आजी, करतो. उरलेला पाईप व्हता, त्याचं साधं रेलिंग बसवलं, कुनाला इचारलं न्हाई. आजी धरून खाली गेली, वर आली, आन माझा हात दोन्ही हातांत धरून उभी राहिली.

पंधरा दिवसांनी आर्किटेक्ट फोटो काढायला आला. पाईप बघून कॅमेरा खाली ठेवला. मग म्हनला, दादा, माणूस आणि पाणी यांच्यामध्ये मला एक रेघसुद्धा नकोय, काढून टाका. मी म्हनलं, साहेब, आजींना लागतं ते. तो म्हनला, त्यांच्यासाठी आत बसायला जागा केलीय की. आता मी तितं अडून बसायला पायजे व्हतं, मालकांना फोन लावायला पायजे व्हता. न्हाई लावला. असल्या घरांची पुढची कामं मिळतील ही आशा, दुसरं काय. ग्राइंडर लावला, मुळातनं कापलं, भोकं बुजवली, पॉलिश मारली. कळनार न्हाई असं केलं. आजी त्या दिवशी न्हवती, आन मी बी परत तिकडं गेलो न्हाई.

श्रावणात ती गेली. धरण भरलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. सकाळी एकटीच उतरली. स्वैपाकाच्या बाईनं काचेतनं पडताना बघितलं, धावली, पन ती पोचंस्तवर आजी पान्यात.

दहाव्याला घाटावर मी मागं उभा व्हतो. मालक आपनहून जवळ आले, डोळे सुजलेले. म्हनले, आई तुझ्याशी बोलायची म्हणे. कधी काही म्हणाली का, भीती वाटते, असं काही?

आन मी म्हनलं, न्हाई साहेब. लई खुशीत व्हत्या.

दोन वर्सं झाली त्याला. आर्किटेक्टचा दोनदा फोन आला नव्या कामासाठी, उचलला न्हाई. आता सोसायट्यांची कामं करतो, पोटापुरतं मिळतं. बायको म्हनती, तुमी आर्किटेक्टनं सांगितलं तेच केलं, तुमचा काय दोष. पन घाटावर मी काय बोललो ते तिला बी ठावं न्हाई. मालकांना खरं सांगावं म्हनून एकदा कंपनीच्या गेटपतोर गेलो आन माघारी आलो. आता काय माझ्यानं व्हईल असं वाटत न्हाई.

लिहा तुमी, देव तुमचं भलं करो. माझं नाव घालू नका. पन तिनं धरायला मागितलं व्हतं, एवढं मातर लिहा.