नुसत्या तारखेचे तीस रुपये

कोर्टातून सुटलेले गर्गे वकील ओझरच्या एस.टी.त डोळे मिटून, पण जागेच बसले होते. मागच्या बाकावर त्यांचीच अशिलं, सहादू आणि चांगुणा, कुजबुजत होती.

“वकिलाला झोप लागली वाटतं. आज नुसती पुढली तारीख पडली, तरी तीस रुपये घेतले! कोर्टात एक शब्द बोलला नाय.”

“माझ्याशी बोलले की. साक्षीचं भ्या वाटत होतं मला. बाकावर बसवलं, म्हणले, ताई, खरं सांगणाऱ्यानं कशाला भ्यायचं?”

“त्याचे तीस?”

“त्याचं कुठं काय घेतलं? म्हणून तर तारखेचे तीस मुकाट द्यायचे.”

“आडगाव नाका! चला, उतरा!”

“कंडक्टरभाऊ, जरा हळू बोला. आमचे वकीलसाहेब दमलेत,” सहादूच म्हणाला.

गर्ग्यांचं घर नाक्यावरच होतं. बस सुटली, तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत.