चार मिनिटांचं माप

चोरी होती ती, साहेब, शुद्ध चोरी — नाही, बोलू नका, दातांच्या मापाची पेस्ट घट्ट होईपर्यंत जबडा हलवायचा नाही, चार मिनिटं. नाकाने श्वास घ्या. तो भिंतीवरचा फोटो बघत होतात ना मघाशी? निळ्या बनियनमधला तो माझा धाकटा भाऊ. बॉक्सिंगची फायनल, तीन फेऱ्या. हिशेब शेंबड्या पोरालाही कळेल — फेरी जिंकली की दहा गुण, हरली की नऊ. पहिली धाकट्याची, दुसरीही त्याचीच, तिसरी समोरच्याला देऊन टाकू, आपण काही कोत्या मनाचे नाही. किती झाले? एकोणतीस–अठ्ठावीस. आणि हात वर कुणाचा केला? त्या लाल बनियनवाल्याचा.

का? सांगतो ना. धाकट्याचा एक गुण कापला. दात वाचवायला तोंडात घालतात ते माउथगार्ड तीनदा पडलं म्हणून — दोनदा पंचाने धुवून परत बसवू दिलं, तिसऱ्यांदा ताकीद, आणि ताकीद म्हणजे एक गुण वजा. नियम आहे, मान्य. पण जे दम खायला मुद्दाम थुंकतात त्यांच्यासाठी आहे तो, याचं आपसूक पडत होतं — तिसऱ्यांदा तर ठोसाही लागला नव्हता, नुसतं श्वास घ्यायला तोंड उघडलं त्याने. झाली बरोबरी. मग परीक्षकांचा कौल, तिघांतल्या दोघांनी लालला दिला. डोळे होते की बटणं? मी व्हिडिओ रोज बघतो, दुपारी जेवताना, इथेच, तुम्ही बसलात त्याच खुर्चीत. चिठ्ठीच्या मागे गुण मांडतो. दर वेळी धाकटा जिंकतो.

माउथगार्ड ना — ते मीच केलेलं. घरात दातांचा डॉक्टर असताना दुसरीकडे कशाला जाईल? त्या दिवशी बाहेर सात पेशंट बसलेले. तो म्हणाला, ‘दादा, मी थांबतो, आधी त्यांचं होऊ दे.’ मीच म्हटलं, बस रे, आत्ता उरकतो. दोन मिनिटांत मापाचा ट्रे तोंडातून ओढून काढला. मागच्या दाढांपाशी माप जरा ओढल्यासारखं झालं होतं — दिसलं मला, दिसलं नाही असं नाही. म्हटलं चालतंय. घरच्या माणसाला चालतंय हो, परक्याला आपण...

सामन्याहून येताना गाडीत मी परीक्षकांचा उद्धार करत होतो, धाकटा खिडकीबाहेर बघत होता. घर आलं तेव्हा म्हणाला, ‘दादा, निकाल बरोबर होता.’ बरोबर कसा? तुम्हीच सांगा. परवा म्हणे त्याची अक्कलदाढ काढली — आईकडून कळलं. तीन गल्ल्या पलीकडे दुसरा दवाखाना आहे, तिथे. अक्कलदाढ, साहेब. मला एक फोन नाही. आला असता तर मी सामन्याचं नाव काढलं नसतं, नुसतं शांतपणे, पूर्ण वेळ देऊन...

असू दे. तुम्ही तिऱ्हाईत आहात म्हणून विचारतो. एकोणतीस–अठ्ठावीस की नाही? मान हलवू नका. हो असेल तर डोळे मिटा, बस. तेवढंच — अहो, हात कशाला वर करताय? एक मिनिट, उत्तर द्या आधी. काय आहे, सिस्टर?

“डॉक्टर, चार मिनिटं केव्हाच झाली. सोडा त्यांना.”