नाव कोणी घेतलं

...आणि वर लोक म्हणतात, शास्त्रज्ञ माणसं शांत असतात. कोण शांत असतात? तुम्हाला सांगतो, आमच्या दाजींचा पुढचा दात, चांगला धडधाकट दात, भर सभेत टपकन टेबलावर पडला, आणि त्याच हाणामारीत समोरच्याच्या मनगटाचं हाड असं कडकन वाजलं की मागच्या बाईंना वाटलं, खुर्ची मोडली. खुर्चीही मोडली म्हणा, पण ती नंतर. आणि कशावरून? तर कोणी कोणाचं नाव घेतलं यावरून.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. त्यांचं अख्खं आयुष्य गोगलगायींत गेलं. गोगलगाय सरकते, मागे चिकट पट्टा उरतो ना, तो पट्टा म्हणजे दाजींचा विषय. आणि ज्याचं मनगट मोडलं तो उंट. कॉलेजपासून दाजी त्याला उंटच म्हणतात, मान लांब म्हणून. तो यांना खुंटी म्हणतो. उंटाचा विषय गोगलगायीचं कवच. एकाच प्रयोगशाळेत दोघं पाठीला पाठ लावून बसायचे, एकाच किटलीतला चहा प्यायचे, दिवसभर भांडायचे. ताईच्या बाळंतपणात रक्त लागलं, तर धावत येऊन बाटलीभर दिलं ते या उंटानंच. असा माणूस. आणि त्याच्याच मानेला दाजींनी... सांगतो, थांबा.

झालं काय, विभागप्रमुख निवृत्त झाले, खुर्ची रिकामी. दोघांनाही हवी. दाजी तर घरी आरशासमोर उभे राहून भाषण करायचे, ताईनं स्वतः ऐकलंय. अशात नव्या संचालकबाई आल्या. म्हणाल्या, "कोण हुशार, कोण कष्टाळू, हे मला सांगू नका. मला आकडा दाखवा."

आकडा कसला? तर तुम्ही पेपर लिहायचा, म्हणजे आपलं संशोधन छापायचं, आणि जगात दुसऱ्या कोणी त्याच्या पेपरात तुमचं नाव घेतलं, की तुमचा एक उल्लेख. जितके उल्लेख तितके तुम्ही थोर. शिवाय कोणाकोणाबरोबर मिळून काम केलंत, तेही बघायचं. बाईंनी भिंतीवर चित्रच लावलं. प्रत्येक शास्त्रज्ञ म्हणजे एक गोल, मिळून काम केलेल्यांमध्ये किंवा एकमेकांचं नाव घेणाऱ्यांमध्ये एक रेघ. मधोमध नुसतं जाळं, रेघांवर रेघा, आणि पार खाली कोपऱ्यात दोन गोल, एकमेकांना बांधलेले, बाकी कोणाशी काही संबंध नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "हे दोघं हरवलेत वाटतं." सभा हसली. दाजींचे कान तापले. तिथेच ठिणगी पडली बघा.

मग आकडे आले. उंट किंचित पुढे. दाजी उठले. आवाज अगदी मऊ, तोच वाईट. म्हणाले, "मॅडम, यातले निम्मे यानं स्वतःच स्वतःचे घातलेत. हात लांब आहेत, स्वतःची पाठ थोपटता येते त्याला."

उंट बसूनच म्हणाला, "आणि खुंटीचे बहुतेक सगळे मी घातलेत, मॅडम. दर वेळी एकच वाक्य, की याचं चुकलंय. चुकलंय म्हणून घेतलेलं नावही मोजता का तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "मशीन सगळंच मोजतं."

झालं. दाजी टेबलावरून गेले हो, टेबलावरून, कपबशा तुडवत, आणि उंटाच्या तोंडावर असा ठोसा ठेवून दिला की चष्मा गालात रुतला. उंटानं डोकंच हाणलं, दात गेला तो तिथे. मग दाजींनी प्रोजेक्टरची वायर त्याच्या त्या लांब मानेला गुंडाळली आणि ओढली, उंट निळा पडला, लाथ झाडली ती गोगलगायींच्या बरण्यांच्या कपाटावर. काचा, औषधाचा भपकारा, मेलेल्या गोगलगायी सगळ्या फरशीवर, आणि सोडवायला आलेला एकेक डॉक्टरेटवाला त्यावरून घसरून दाणकन आपटतोय. त्यातच मनगट पिरगाळलं गेलं. तरी उंटानं डाव्या हातानं खुर्ची उचलून घातलीच यांच्या पाठीत. संचालकबाई टेबलाखाली. शेवटी वॉचमननं आग विझवायचं नळकांडं उघडलं आणि दोघांना पांढरं फटक करून टाकलं. कोणी कोणाचं नाव घेतलं यावरून!

खुर्ची कोणाला मिळाली म्हणता? शेवाळाचा अभ्यास करणाऱ्या एका बाईंना. सभेत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. या दोघांना सक्तीची रजा.

दाजी घरी बसले. सुजलेल्या जबड्यानं म्हणाले, "आता माझ्या पेपरात उंट नको." नवा पेपर अर्धा लिहून तयार होता, त्यातून त्याचं नाव खोडायला बसले. पण प्रत्येक मुद्दा म्हणजे उंटाच्या कुठल्या ना कुठल्या बोलण्याला उत्तर. उंट काढला की मुद्दा पडतो, मुद्दा पडला की पान पडतं. चिडून त्यांनी टेबलाला लाथ घातली, अंगठ्याचं नख गेलं.

ताई पट्टी बांधता बांधता म्हणाली, "अहो, जगात तुमचं लिहिलेलं वाचणारा एक माणूस होता. त्याचा हात तुम्ही मोडलात."

दाजी मग उठले, पेपर घेतला, लंगडत उंटाच्या दारात. उंटानं दार उघडलं, हात प्लास्टरमध्ये. दाजींनी डोळे मिटून घेतले, आता बसणार म्हणून. काही बसेना. उघडून बघतात तर उंट उंबऱ्यातच उभा राहून वाचतोय.

"खुंट्या, दुसरं पान साफ चुकलंय."

"कुठे चुकलंय?"

"इथे." आणि प्लास्टरचा हात फाडकन दाजींच्या डोक्यात. दाजींनी त्याच्या पोटात गुडघा घातला. जिन्यावरून दोघं गडगडत खाली. वहिनी, म्हणजे उंटाची बायको, पाण्याचे पेले घेऊन वरच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "उरकलं की सांगा."

संध्याकाळपर्यंत दुसरं पान दुरुस्त झालं. आता पेपर दोघांच्या नावानं छापून आलाय, ताई सांगते फार सुंदर झालाय. उल्लेख? एकही नाही हो. दोघांनी मिळून लिहिला, तर वाचायला राहिलं कोण?