बेडकाचं पान

ऐका. पण आधी ती पोती जरा बाजूला ठेवा. पाऊस थांबल्याशिवाय तुम्ही काही मळ्यात उतरत नाही, आणि देवळाच्या पडवीत रिकाम्या पोत्यांकडे बघत बसण्यात राम नाही. बॅटऱ्याही विझवा, सेल कशाला जाळता? बेडूक कुठं पळून जात नाहीत. दिगू, तू हसू नकोस. गोष्ट तुझ्याच कामाची आहे.

तर आपल्याच गावात रवळू म्हणून एक गृहस्थ होता. पंगतीचा भारी शौकीन. बारसं असो नाहीतर बारावं, कुठंही 'पानं मांडली' असं कानावर आलं की हा पहिल्या पंगतीत, पहिल्या पाटावर. आपल्याला बोलावणं होतं की नाही, हे तो ताक पिऊन झाल्यावर विचारायचा.

या रवळूच्या मुलीचं नवं लग्न झालेलं. जावई पहिल्यांदाच जेवायला यायचा होता. जावयाला बेडकाच्या तंगड्यांचं वेड. रवळूनं चार माणसांत सांगून टाकलं, "पोटभर तंगड्या वाढीन. नाही वाढल्या तर मला सासरा म्हणू नका." झालं. शब्द गेला. आता शब्द राखायला आठवडाभर तो रोज दिवेलागणीला मळ्यात. आणि रोज आणलेले बेडूक रोज स्वतःच संपवायचा. का, तर चव बघायला.

शेवटचा दिवस उजाडला नि मावळला. उद्या जावई येणार, घरात एक तंगडी नाही. रवळू पोतं घेऊन निघाला. बायको म्हणाली, "कोंडीच्या पाणंदीनं येऊ नका हो. तिथं चकवा लागतो." हा म्हणाला, "मला लागते ती भूक. दुसरं काही लागत नाही."

बेडूक मिळाले. बरंच हिंडावं लागलं, पण मिळाले. चाळीसभर असतील. पोतं खांद्यावर टाकलं आणि जवळची वाट म्हणून शिरला कोंडीच्या पाणंदीत.

उंबराचं झाड लागलं. ते डाव्या हाताला टाकून पुढं गेला. बांध उतरला, ओहोळ ओलांडला. पुढं बघतो तर उंबर. म्हटलं असेल दुसरं. परत बांध, परत ओहोळ, परत उंबर. तेच, फांदीवर त्याच्याच मघाच्या विडीचं थोटूक खोचलेलं. इतक्यात बॅटरी गेली.

आता चकव्यात सापडलं तर सदरा उलटा करून घालावा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. रवळूलाही ठाऊक होतं. त्यानं एक बाही काढलीसुद्धा. तेवढ्यात वास आला. नव्या तांदळाच्या भाताचा, वाफाळता. आणि मागून कोणीतरी अगदी अदबीनं बोललं,

"पाव्हणं, पान मांडलंय. बसा, तुम्हाला वाढतो."

दुसरा कोणी असता तर पळाला असता. रवळूनं विचारलं, "कितवी पंगत?"

"पहिलीच."

संपलं की हो. एक बाही लोंबतेय, खांद्यावर पोतं, आणि हा चालला त्याच्या मागून.

काजव्यांचा उजेड होता. केळीची पानं ओळीनं मांडलेली. वाढपी म्हणाल तर कमरेला पंचा, हातात डाव, पावलं उलटी. आणि तोंड नाहीच. रवळूनं मनात म्हटलं, हे एक बरं, असला वाढपी चोरून खात नाही. असा हा माणूस.

पहिल्या पानावर होतं भाताचं हिरवं रोप. दुसऱ्या पानावर नाकतोडा बसलेला. केवढा? रेड्याएवढा. कचाकचा रोपं ओरबाडतोय. तिसरं पान रिकामं. चौथ्यावर दिवड, ओहोळातला तो साप, पण वाळून नाडीसारखी झालेली. पाचव्यावर घुबड, ते इतकं हलकं की वारा आला की उडू नये म्हणून पंजांनी पान घट्ट धरायचं.

पोतं काखेत धरून रवळू बसला. कुठं? तिसऱ्या पानावर. पंगतीत मधलं पान रिकामं असू नये, एवढी रीत तो पाळायचा.

"हे पान कुणाचं होतं?" त्यानं विचारलं.

"बेडकाचं," वाढपी म्हणाला. "आमच्याकडं ज्याचं त्याचं पान ठरलेलं. भात वाढतो नाकतोड्याला, नाकतोडा वाढतो बेडकाला. बेडूक दिवडीला, दिवड घुबडाला. घुबड म्हातारं होऊन पडलं की मुंग्या-वाळवीला. त्यांची होते माती, आणि माती मी परत भाताला वाढतो. गोल पंगत आहे. म्हणून तर तू गोल फिरलास. पण आठवडा झाला, बेडूक जेवायला आला नाही. हा नाकतोडा बघ कसा माजलाय. सगळं भात संपवील. आणि पलीकडची दोघं बघ."

रवळूनं विचारलं, "मग मला काय वाढता?"

"तुला? तुला काहीच वाढत नाही," वाढपी म्हणाला. "तुला वाढतो. दिवडीला."

आता कळलं? तो पहिल्यापासून हेच म्हणत होता. तुम्हाला वाढतो. हाच गाढव, आपल्याला जे हवं ते ऐकलं.

उठायला गेला तर पाट बुडाला चिकटलेला. मांडी घातली होती, ती आपोआप सुटली आणि गुडघे कानाशी आले. डोळे लागले वर सरकायला. "सोडा मला" म्हणायला तोंड उघडलं, तर आवाज आला, "डराव."

आणि सगळ्यात वाईट म्हणजे, तो समोरचा रेड्याएवढा नाकतोडा त्याला खमंग दिसायला लागला. जीभ वळवळायला लागली. दातांत दाबून धरली त्यानं. एकदा का त्या पानावरचा घास घेतला असता, तर रवळूचा जन्मभराचा बेडूक झाला असता. इकडं मानेला गार गार लागलं. दिवड. नाडीसारखी असली तरी तोंड भाकरीएवढं उघडलेलं.

तेवढ्यात काखेत काहीतरी धडपडलं. पोतं.

रवळू पंगतीत मुरलेला माणूस. वाढप्याला कसं थोपवायचं हे त्याला बरोबर ठाऊक. होता नव्हता तेवढा माणसाचा आवाज गोळा केला आणि म्हणाला, "थांबा. माझी माणसं अजून बसायची आहेत. घरचे उपाशी आणि मी पानावर, हे शोभत नाही."

वाढप्याचा डाव हवेतच थांबला. भूत झालं तरी यजमान ना. "किती माणसं?"

"चाळीसभर," रवळू म्हणाला आणि पोत्याची गाठ दातांनी सोडली.

टुणकन एक. टुणकन दुसरा. मग धो धो. तिसऱ्या पानावर बेडकांची ही रास. चाळीस जिभा सुटल्या. नाकतोडा रेड्याचा बोकड झाला, बोकडाची कोंबडी, कोंबडीचा नाकतोडा. दिवडीनं एक उचलला, घुबडानं दिवडीकडं बघून डोळे मिचकावले. वाढप्याची तर अशी तारांबळ, इकडं वाढू का तिकडं. पाट सैल झाला. रवळूनं एक बाही लोंबकळत, एक चप्पल टाकून जी धूम ठोकली, ती थेट स्वतःच्या चुलीपाशी.

बायकोनं विचारलं, "बेडूक कुठायत?"

"डराव," म्हणाला. तीन दिवस तेवढंच म्हणत होता.

आणि जावयाला मिळाली काळ्या वाटाण्याची उसळ.

थांबला वाटतं पाऊस. ऐका, मळ्यातून ओरडतायत. भरपूर आहेत. जायचं तर जा, मी कोण अडवणारा. काय म्हणालास, दिगू? माझं भात त्याच पाणंदीला आहे? आहे की. यंदा नाकतोडे जरा जास्तच आहेत, तेही खरं. म्हणून मी गोष्ट रचली?

अरे, उसळ मी खाल्ली. तो जावई मीच.

वीस वर्षं झाली, सासऱ्यानं अजून तंगडी वाढलेली नाही. नाकतोडा बघितला की अजून ओठ चाटतो तो.

पोत्याची खोळ केलीस? शहाणा आहेस. पुन्हा आला तर डोकं कोरडं राहील. सडकेनं जा घरी, लांब पडलं तरी चालेल. आणि पाणंदीकडून कुणी 'तुम्हाला वाढतो' म्हणालं, तर बसायच्या आधी एवढंच विचार, कुणाला.